आपल्या राज्याचा संघ: रहीमसाहेब, हैदराबाद पोलीस आणि जालना

मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप एकाच संघानं जिंकला. हा संघ मुंबईचा नव्हता आणि कोलकात्याचाही नव्हता. त्याचं नाव हैदराबाद सिटी पोलीस. त्या पाचही वर्षी जालना हैदराबाद राज्यातच होतं. औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका, निजामाच्या काळात बांधलेल्या रेल्वेवरचं स्टेशन आणि मोठी व्यापारपेठ, अशी तेव्हाची जालन्याची ओळख. कूपरेजवर ज्या राज्याच्या नावाचा जयजयकार होत होता, ते जालन्याचंच राज्य होतं. तरीही जालन्याच्या इतिहासात या संघाचा उल्लेख शोधून सापडत नाही. मराठवाड्याच्या खेळांवर बोलायला बसलं की कुस्ती येते, कबड्डी येते, क्रिकेट येतं. भारतीय फुटबॉलचं सोन्याचं युग ज्या राज्यात घडलं, त्या राज्याचा आपण भाग होतो ही गोष्ट मात्र कुणी काढत नाही.

ती काढायला हवी. हा संघ कसा उभा राहिला, तो कुणी चालवला, त्यातल्या खेळाडूंचं पुढं काय झालं आणि चालवणारा माणूस गेल्यावर तो कसा ओसरला, या गोष्टी आजच्या प्रत्येक क्लबला लागू पडतात.

हिंदुस्थानात फुटबॉल आला तो छावण्यांतून. गोऱ्या पलटणी जिथं राहिल्या, तिथं संध्याकाळी चेंडू उडू लागला. १८९१मध्ये मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स कप पहिल्यांदा जिंकला तोही वुस्टरशायर रेजिमेंटच्या सोल्जरांनी. देशी संघाला तो मिळायला १९३७ साल उजाडलं, आणि तेव्हाचा विजेता होता बंगळूर मुस्लिम्स. छावणी जालन्यालाही होती. १८०३मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत वेलस्लीनं शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढं इंग्रजांच्या देखरेखीखालच्या हैदराबाद कंटिन्जंटचं जालना हे एक ठाणं झालं. १९०३मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झालं, आणि राज्यातलं लष्करी जीवन त्यानंतर सिकंदराबादभोवती एकवटत गेलं. बोलारम, तिरमलगिरी, लालागुडा या सिकंदराबादच्या वस्त्यांमध्ये फुटबॉल मुरला. छावणीतले तमिळ ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, रेल्वे कामगार आणि जुन्या शहरातली मुस्लिम पोरं, सगळ्यांनी तो उचलला. एके काळी छावणी असूनही जालना या साखळीच्या बाहेर राहिलं. खेळ रुजण्याच्या काळात तिथं पलटणी उरल्या नव्हत्या.

पोलिसांचा संघ १९३०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला. त्याला सुरुवातीला शिकवलं ते नॉर्बर्ट अँड्र्यू फ्रुव्हॉल यांनी. या संघाचं नाव पहिल्यांदा दूरवर गेलं ते १९४३मध्ये, बंगळूरच्या ॲश गोल्ड कपमध्ये. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि समोर रॉयल एअर फोर्सचा संघ होता. त्यात डेनिस कॉम्प्टन खेळत होते. इंग्लंडचे कसोटी फलंदाज म्हणून ते आपल्याला माहीत आहेत, पण लंडनच्या आर्सेनल क्लबचे फुटबॉलपटू म्हणूनही त्यांचं नाव होतं. हैदराबादच्या पोलिसांनी त्या संघाला हरवलं आणि चषक घरी आणला. एका संस्थानाच्या शहर पोलिसांनी इंग्लंडच्या नामवंत खेळाडूवर मिळवलेला हा विजय पुढं वर्षानुवर्षं सांगितला गेला.

त्याच १९४३ साली हैदराबाद फुटबॉल असोसिएशनच्या चिटणीसपदावर एक शाळामास्तर आला. सय्यद अब्दुल रहीम, वय तेहतीस-चौतीस. उस्मानिया विद्यापीठाची पदवी होती, शारीरिक शिक्षणाची पदविका होती, आणि शहरातल्या शाळांमधून शिकवण्याचा अनुभव होता. तरुणपणी ते स्वतः शहरातल्या क्लबमधून खेळले होते. चिटणीसपद त्यांनी १९६३मध्ये मरेपर्यंत सांभाळलं. १९५०मध्ये सिटी पोलिसांचं प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आलं, तेही शेवटपर्यंत राहिलं. भारतीय संघाचं प्रशिक्षकपद त्याच सुमारास आलं आणि १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेपर्यंत ते वेळोवेळी त्यांच्याकडे राहिलं. जिल्ह्याची लीग कशी खेळवायची, पंच कसे घडवायचे, कुठल्या वस्तीतला कुठला पोरगा डाव्या पायानं बरा खेळतो आणि देशाच्या संघात मधल्या फळीत कोण हवा, हे सगळं एकाच माणसाच्या वहीत होतं. भारतीय खेळांत इतकी सत्ता एकाच हाती असल्याची उदाहरणं थोडी आहेत, आणि ती इतक्या चांगल्या कामाला लागल्याची त्याहून थोडी.

रहीमसाहेबांचं वेगळेपण त्यांच्या स्पर्धांच्या आखणीत दिसतं. त्या काळी आपल्याकडचा चांगला फुटबॉलपटू म्हणजे चेंडू पायाला चिकटवून चार जणांना चकवणारा. रहीमसाहेबांनी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू आला की लगेच पुढं द्यायचा, थांबवून मिरवायचा नाही. कमजोर पायानंच खेळायच्या स्पर्धा भरवल्या. उजवा पाय जोरकस असणाऱ्याला डाव्यानंच मारावं लागे. लहान मुलांसाठी उंचीची मर्यादा घातलेल्या स्पर्धा, पाच-सात जणांच्या छोट्या संघांच्या स्पर्धा, असं वर्षभर काहीतरी चालू असे. भाषण देऊन खेळाडूची सवय मोडत नाही, हे शिक्षकाला ठाऊक होतं. सवय मोडेल असा नियमच त्यांनी मैदानावर आणला.

यातून जो खेळ उभा राहिला, तो पाहणाऱ्याला नवा होता. छोटे पास, सतत जागा बदलणारे आघाडीचे खेळाडू, बचावफळीतून शांतपणे बाहेर काढलेला चेंडू. हंगेरीच्या संघानं पन्नाशीच्या सुरुवातीला युरोपला जे करून दाखवलं, त्याचा रहीमसाहेबांनी बारकाईनं अभ्यास केला होता. मधला आघाडीवीर मागं सरकवायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या बचावपटूला कोड्यात टाकायचं, हा डाव त्यांनी १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाकडून खेळवून घेतला. तिथं यजमान ऑस्ट्रेलियाला भारतानं ४-२ असं हरवलं आणि नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. भारत चौथा आला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये त्याच्या वर भारत आजवर गेलेला नाही. चारच वर्षं आधी हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं याच देशाला १०-१ असं धुतलं होतं, आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. दोन्ही ऑलिंपिकला प्रशिक्षक रहीमसाहेबच होते. १०-१ हरलेल्या माणसालाच दुसरी संधी मिळाली, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. आजच्या एखाद्या क्लबात असा निकाल लागला तर संध्याकाळी प्रशिक्षकाची बॅग भरलेली असते.

सिटी पोलिसांच्या कपाटात त्या काळात काय जमा झालं तेही सांगायला हवं. युद्धानं बंद पडलेली ड्युरँड स्पर्धा १९५०मध्ये दिल्लीत पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवून हा संघ जिंकला. पुन्हा १९५४, पुन्हा १९५७. पुढं संघाचं नाव आंध्र प्रदेश पोलीस झालं आणि १९६१मध्ये ड्युरँड चौथ्यांदा आला. रोव्हर्स कप त्या पहिल्या पाचांनंतर १९५७, १९६०, १९६२ आणि १९६३ या वर्षीही आला. १९६२चा ईस्ट बंगालबरोबर विभागून. एकूण नऊ वेळा. मुंबईच्या स्वतःच्या स्पर्धेवर बाहेरच्या संघाचा असा वरचष्मा क्वचितच राहिला असेल.

आता खेळाडूंच्या भवितव्याकडे वळू, कारण या यशाची दुसरी बाजू तिथं आहे. फुटबॉल तेव्हा नावापुरता तरी हौशी होता. खेळाडूला क्लबकडून पगार नव्हता. पोलिसांचा संघ खेळाडूला देत होता ती नोकरी. गणवेश, दरमहा पगार, पुढं बढती आणि शेवटी पेन्शन. गरीब घरातून आलेल्या विशीतल्या पोराला याहून मोठं आश्वासन कुठलं? गुडघा गेला तरी चूल विझणार नव्हती. ही खात्री होती म्हणून खेळाडू एका संघात दहा-दहा वर्षं राहिले, एकमेकांच्या हालचाली पाठ झाल्या, आणि रहीमसाहेबांना जे हवं होतं ते घडवायला वेळ मिळाला. सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन आणि नूर मोहम्मद हेलसिंकीलाही खेळले आणि मेलबर्नलाही. युसूफ खान १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये होते, १९६२च्या जकार्तातल्या सुवर्णपदक विजेत्या संघात होते, पुढं त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि तरीही ते हैदराबाद सोडून गेले नाहीत.

सगळे थांबले नाहीत. तुलसीदास बलराम यांची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्यातलं अतिशय गरीब घर. रहीमसाहेबांनी त्यांना संतोष ट्रॉफी या आंतरराज्य स्पर्धेच्या शिबिराला बोलावलं, पण मैदान लांब होतं आणि यायला पैसे नव्हते. तेव्हा भाड्याच्या सायकलीसाठी रहीमसाहेबांनी त्यांना रोज एक रुपया दिला, असं बलराम पुढं मुलाखतींतून सांगत. त्या शिबिरातून ते हैदराबादच्या संघात गेले आणि तिथून थेट मेलबर्नला. १९५७मध्ये मात्र ईस्ट बंगालनं त्यांना कोलकात्याला नेलं. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम या त्रिकुटानं भारतीय आघाडी गाजवली. छातीच्या आजारानं बलराम यांना सत्ताविशीच्या आतच खेळ सोडावा लागला. अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढचं आयुष्य कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात गेलं, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ते कोलकात्यात वारले. हैदराबादनं घडवलेला माणूस हैदराबादला परत आलाच नाही.

एक रुपयाची ही गोष्ट भाबडी वाटेल, पण ती नीट पाहिली तर व्यवस्थेची सगळी ताकद आणि सगळं दुबळेपण तिच्यात आहे. प्रशिक्षकाला पोराचं घर ठाऊक होतं, त्याची अडचण ठाऊक होती, आणि उपाय त्यानं स्वतःच्या खिशातून केला. पण खिसा त्या एका माणसाचाच होता. असोसिएशनकडे अशा मुलांच्या प्रवासखर्चाची काही सोय असती, तर ती जालन्याच्या, परभणीच्या, नांदेडच्या पोरांपर्यंतही पोचली असती. सिकंदराबादच्या वेशीवरच्या मुलापर्यंत सायकल पुरत होती. जालन्यापर्यंत ती पुरणार नव्हती.

इथं हैदराबाद राज्याचा एक प्रशासकीय तपशील ध्यानात घ्यायला हवा. निजामाच्या काळापासून शहराचं पोलीस दल वेगळं आणि जिल्ह्यांचं वेगळं. शहर कोतवालाच्या अखत्यारीत, जिल्हे वेगळ्या अधिकाऱ्याच्या. फुटबॉलचा संघ होता तो शहर पोलिसांचा. नावातलं सिटी हे अक्षरशः खरं होतं. जालन्याच्या ठाण्यात जे शिपाई होते ते त्या दलाचे नव्हते. म्हणजे राज्य एक असलं तरी नोकरीची आणि खेळाची ती वाट जालन्याच्या पोरापर्यंत येतच नव्हती. शहरानं राज्याच्या नावानं खेळावं आणि जिल्ह्यांनी बघतही राहू नये, अशी ती रचना होती.

आणि मग आठवणीचा प्रश्न. मराठवाड्याच्या मनात निजामाचे पोलीस म्हटलं की फुटबॉल येत नाही. येतात ती १९४७-४८ची वर्षं, रझाकार, सत्याग्रहींची धरपकड, गावं सोडून सीमेपलीकडच्या शिबिरांत गेलेली माणसं. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी कूपरेजवर हैदराबाद पोलीस चषक उचलत होते. ज्या घरातला माणूस तुरुंगातून नुकताच परतला होता, त्या घरानं या संघासाठी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा कुणी करू नये. ती जखम खरी होती.

पण सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनंतर दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, आणि काढायला हव्यात. रझाकारांचा जुलूम हा इतिहास आहे. त्याच राज्यात एका मुस्लिम शिक्षकानं तमिळ ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, हिंदू आणि मुस्लिम पोरांचा एकदिलाचा संघ बांधला आणि त्याच्या जोरावर स्वतंत्र भारताला दोन आशियाई सुवर्णपदकं मिळवून दिली, हाही इतिहासच आहे. पहिलं पदक १९५१मध्ये दिल्लीत, इराणला १-० असं हरवून. दुसरं ४ सप्टेंबर १९६२ला जकार्तात, दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून. मुक्तिसंग्राम सांगताना हा दुसरा धागा कापून टाकला, तर मराठवाड्याच्या मुलांना त्यांच्या भूतकाळाचा एक अभिमानाचा तुकडा कायमचा नाकारला जातो.

नकाशा बदलला १९५६मध्ये. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले: तेलंगण आंध्रात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. योगायोग असा, की त्याच १९५६च्या मोसमात त्रिवेंद्रमला झालेल्या संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात हैदराबादनं मुंबईलाच हरवलं. पुढच्या वर्षी स्पर्धा हैदराबादला झाली. पुन्हा अंतिम सामना हैदराबाद आणि मुंबई यांचाच, आणि पुन्हा हैदराबादचीच सरशी. तोवर जालना मुंबई राज्यात होतं. फुटबॉलच्या हिशेबानं पाहिलं तर जालना विजेत्यांच्या राज्यातून निघून उपविजेत्यांच्या राज्यात आलं. १९६०मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ला जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. हैदराबादशी असलेला खेळाचा, नोकरीचा, परीक्षांचा संबंध तोवर कधीच विरून गेला होता. मुंबईशी फुटबॉलचं नातं जुळलं, असंही झालं नाही. मुंबईचा फुटबॉल हा टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया अशा कंपन्यांचा होता. तिथंही नोकरी देऊनच खेळाडू बांधला जाई, आणि नोकरी मुंबईत असे.

जकार्ताच्या वेळी रहीमसाहेब आजारी होते. फुप्फुसाचा कर्करोग आतून पोखरत होता. अंतिम सामन्याला बचावपटू जर्नैलसिंग यांना डोक्याला मार लागलेला असतानाही रहीमसाहेबांनी आघाडीला खेळवलं, आणि दोन गोलांपैकी एक जर्नैलसिंग यांनीच केला. दुसरा पी. के. बॅनर्जींचा. प्रेक्षक भारताच्या विरोधात होते, गोलरक्षक तंगराज तापातून उठून आला होता, आणि स्पर्धेतल्या पहिल्याच साखळी सामन्यात याच कोरियानं भारताला २-० असं हरवलं होतं. अशा स्थितीत बचावपटूला आघाडीवर न्यायचं धाडस ज्याला आपले खेळाडू आतून-बाहेरून माहीत आहेत तोच करू शकतो. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ला रहीमसाहेब गेले. आशियाई सुवर्ण त्यानंतर भारताच्या पुरुष फुटबॉल संघाला पुन्हा मिळालेलं नाही.

त्याच १९६३च्या मोसमात मद्रासला संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात झाला, आणि या वेळी महाराष्ट्र जिंकला. आंध्र पोलिसांनी त्याच वर्षी रोव्हर्स कप घेतला आणि १९६५मध्ये आंध्रानं संतोष ट्रॉफीही जिंकली. हे सगळे खेळाडू रहीमसाहेबांच्या हाताखाली तयार झालेले होते. तोवर खालून येणारी रांग तुटू लागली होती. १९६६मध्ये सय्यद नईमुद्दीन आणि मोहम्मद हबीब ईस्ट बंगालला गेले. दोघेही पुढं कोलकात्याचे लाडके झाले, दोघेही १९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक विजेत्या भारतीय संघात होते, आणि नईमुद्दीन त्या संघाचे कर्णधार होते. हबीब यांचे धाकटे भाऊ अकबर त्याच वाटेनं गेले. कोलकात्याच्या क्लबांकडे पैसा होता, लाखोंचे प्रेक्षक होते. हैदराबादला धरून ठेवणारी पोलिसांची नोकरी होतीच, पण ती कुणासाठी करायची हे सांगणारा माणूस उरला नव्हता. असोसिएशनमध्ये गटबाजी माजली. ज्या उंचीच्या, कमजोर पायाच्या, बिनड्रिबलिंगच्या स्पर्धांतून पोरं घडत होती, त्यांचा जुना जोर राहिला नाही.

रहीमसाहेबांच्या कर्तृत्वाबद्दल आदर ठेवूनच एक गोष्ट म्हणायला हवी. चिटणीस, क्लबचा प्रशिक्षक आणि देशाचा प्रशिक्षक ही तिन्ही पदं वर्षानुवर्षं एकाकडे राहिली, तेव्हा ती सांभाळायला शिकलेला दुसरा कुणी तयारच झाला नाही. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम रोमच्या ऑलिंपिक संघात होते, पुढं आंतरराष्ट्रीय पंच झाले, २०१७मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. नईमुद्दीन भारताचे प्रशिक्षक झाले, त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. माणसं कमी नव्हती. त्यांना हैदराबादमध्ये बसवून ठेवणारी संस्था नव्हती. दोष एकट्या रहीमसाहेबांचा नाही. पोलीस खात्यानं आणि असोसिएशननं एका माणसाच्या जिवावर इतकी वर्षं निभावून नेलं, आणि पुढचा विचार केला नाही.

मुंबईतही हेच निराळ्या रीतीनं घडलं. महिंद्र कंपनीचा संघ १९६२चा. पुढं त्याचं नाव महिंद्र युनायटेड झालं. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६मध्ये त्यानं राष्ट्रीय लीग जिंकली. २०१०मध्ये कंपनीनं संघ बंद केला आणि खेळाडू विखुरले. त्याच संघातून खेळलेले खालिद जमील दुखापतींनी लवकर थांबले, २००९मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि तिथं सलग सात मोसम टिकले. हातात पैसा नसलेल्या संघाला त्यांनी वर्षानुवर्षं वरच्या लीगमध्ये तगवून धरलं. पुढं २०१७मध्ये मिझोरमच्या आयझॉलला त्यांनी आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. प्रशिक्षकाला वेळ दिला की काय होतं, याचा मुंबईपुरता हा दाखला.

आणि पुणे-हैदराबादची अलीकडची कहाणी तर मराठवाड्यातल्या वाचकानं मुद्दाम वाचावी अशी. २०१४मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी उभा राहिला. २०१९मध्ये तो आर्थिक अडचणींत बुडाला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबनं घेतली. मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी असे पुण्याचे खेळाडूही तिकडे गेले. इंग्लंडचे फिल ब्राउन पहिले प्रशिक्षक. पहिल्याच मोसमात, जानेवारी २०२०मध्ये त्यांना काढलं. अल्बर्ट रोका आले आणि काही महिन्यांत बार्सिलोनाला गेले. मग मानोलो मार्केझ आले, तीन मोसम राहिले, आणि २० मार्च २०२२ला गोव्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबादनं लीगचा चषक जिंकला. रहीमसाहेबांच्या शहराला इतक्या वर्षांनी पुन्हा देशाच्या फुटबॉलमध्ये मानाची जागा मिळाली.

दोनच वर्षांत पगार थकले. २०२३-२४च्या मोसमात एकामागून एक खेळाडू करार तोडून निघाले, परदेशी खेळाडू गेले, फिफानं नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली. उरलेल्या तरुण पोरांना घेऊन थांगबोई सिंगतो यांनी मोसम पार पाडला. बावीस सामन्यांत एक विजय, गुणतक्त्यात तळ. क्लब नव्या मालकांकडे गेला आणि २०२५मध्ये हैदराबाद सोडून दिल्लीला हलला. आता त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली आहे. पुणे, हैदराबाद, दिल्ली. सहा वर्षांत लीगमधली एक जागा तीन शहरांतून फिरली. १९५०च्या पोलीस शिपायाला पुढच्या महिन्याच्या पगाराची काळजी नव्हती. २०२४च्या व्यावसायिक फुटबॉलपटूला होती.

जालन्याहून आज हैदराबादला जायला थेट रेल्वे आहे आणि मुंबईलाही. जिल्ह्याचं नाव खेळात देशभर झालं ते क्रिकेटमुळं. अंबडच्या विजय झोल यांनी २०११मध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४च्या युवा विश्वचषकात ते भारताचे कर्णधार होते. क्रिकेटला महाराष्ट्र असोसिएशनची जिल्हावार साखळी होती, निवड चाचण्या होत्या, पुण्यापर्यंत जाणारी वाट होती. म्हणून अंबडचा पोरगा वर पोचला. फुटबॉलमध्ये अशी वाट ना हैदराबादनं जालन्यापर्यंत आणली, ना मुंबईनं. रहीमसाहेबांच्या जवळजवळ सगळ्या स्पर्धांना मोठं मैदान लागत नव्हतं. पाच-पाच पोरं, एक चेंडू आणि नियम पाळायला लावणारा एक शिक्षक, एवढ्यावर त्या होत असत. मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या शाळेच्या पटांगणावर त्या उद्या सकाळीही भरवता येतील.